विचारा बाईंना : माटोळीचा दोर, बेतीची फेरी आणि पाण्याखालचं घर

गेल्या अंकात मी विचारलं होतं, लहानपणातलं असं काय आहे जे मोठेपणी हाताला लागत नाही, आणि त्यावरून घरात काही अडलंय का? नुसती आठवण नको, प्रश्न हवा, असंही बजावलं होतं. पत्रं पिशवीभर आली आणि अपेक्षेप्रमाणे निम्म्यात प्रश्नच नाही. तीसेक वर्षं मराठी शाळेत निबंध तपासलेल्या बाईपुढे कुणी 'ते दिवस आता परत येणार नाहीत' असं लिहिलं की तिचा हात लाल पेनाकडे जातो. तो मी आवरला. प्रश्न असलेली चार पत्रं इथे घेतली आहेत.

त्याआधी एक कबुली. माशेलचा चिखलकाला आषाढी एकादशीला असतो, असं मागच्या वेळी लिहून बसले. देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलात लोळून मोठ्या झालेल्या तिघांनी कान पकडला. एकादशीला भजन असतं, चिखल दुसऱ्या दिवशी, द्वादशीला. माझं माहेर पेडणे, सासर फोंडा. माशेल वाटेवर लागतं, पण चिखलात मी उतरले नव्हते, ते असं उघडं पडलं.

प्रश्न : बाई, माझं वय ४६. मूळ घर सत्तरीत. चवथीला तिथे आम्ही पस्तीस-चाळीस माणसं असायचो. आता वाटण्या झाल्या, घराची एक बाजू पावसात बसली, म्हणून चार वर्षांपासून गणपती पर्वरीला माझ्या फ्लॅटवर आणतो. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून टांगतो त्या चौकटीचं, सगळं सामान म्हापशाच्या बाजारातून आणतो, लोखंडी स्टँडला बांधतो. सगळं असतं आणि तरी लहानपणी वाटायचं ते वाटत नाही. मुलगा तेरा वर्षांचा. मोबाइलमधून मान वर काढत नाही. मी आमच्या वेळची माटोळी सांगायला लागलो की म्हणतो, 'बाबा, हे तुम्ही गेल्या वर्षी सांगितलंय.' त्याला गोडी कशी लावू?
*एक वाचक, पर्वरी*

उत्तर : मुलगा खोटं बोलत नाही. तुम्ही गेल्या वर्षी सांगितलंच असणार.

माझंच सांगते. पेडण्याच्या घरी माटोळी बांधायचा मान धाकट्या काकांचा. आदल्या दिवशी सकाळी ते कोयता आणि पिशवी घेऊन डोंगरावर जायचे, दुपारी परतायचे ते डोक्यावर अर्धं रान घेऊन. घागऱ्यो, कांगलां, माट्टीची फळं, लालभडक कवंडळं. परसातले आंबाडे, तोरिंग, चिबूड, निरफणस आणि सुपारीचा घोस तोवर ओटीवर मांडलेला असायचा. कवंडळ दिसायला इतकं देखणं की पोरांचा हात आधी त्यालाच लागायचा, आणि ते विषारी, म्हणून आजी दर दहा मिनिटांनी 'हात धुवा रे' ओरडायची. हे सगळं तुम्हालाही पाठ असेल. तुमच्या मुलालाही, तुमच्या कृपेने.

पण मला आजही हातात जाणवतो तो कुमयाचा दोर. कुंभ्याच्या झाडाची साल सोलून त्याच्या पट्ट्या काढतात, त्यांचा हा दोर. काका ओल्या पट्ट्या मांडीवर घेऊन तळहाताने वळायचे आणि दुसरं टोक मी धरायचं. नुसतं धरायचं नाही, ताणून धरायचं. ढिलं पडलं की पीळ उलटा फिरतो. सालीचा कच्चा, तुरट वास बोटांना दोन दिवस राहायचा, पातोळी खाताना हळदीच्या पानाच्या वासात तो मिसळायचा. मी आठ-नऊ वर्षांची होते. एका वर्षी काकांनी दोर वळल्यावर म्हटलं, आज एक गाठ तू मार. मला दिला चिबूड, म्हणजे जड आणि गोल, दोर ज्याच्यावर टिकत नाही असा. मी खुर्चीवर चढून गाठ मारली. काकांनी ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घट बांद गे, ना जाल्यार तुज्याच माथ्यार पडटलें." मी आणखी एक वेढा दिला.

माझ्या डोक्यावर पडला नाही. दुसऱ्या दिवशी आरतीच्या ऐन मध्यात सुटला आणि भटजींच्या शेजारी ठेवलेल्या नेवऱ्यांच्या परातीत जाऊन बसला. घंटा थांबली. आजोबा रागावणार म्हणून मी दाराआड गेले. पण आधी हसले ते भटजीच. त्या घरात मी वीस तरी माटोळ्या बघितल्या असतील. बाकी एकोणीस मला वेगवेगळ्या सांगता येणार नाहीत. ही एक, तिच्यातल्या प्रत्येक फळाच्या जागेसकट, सांगता येते.

आता तुमच्या फ्लॅटवर या. तिथे मुलाला काय काम आहे? बाजारातून सामान तुम्ही आणता, स्टँडला बांधता तुम्ही, आणि तो बघेल अशी अपेक्षा करता. सत्तरीच्या घरात तुम्हाला कुणी माटोळी बघायला बोलावलं नव्हतं. 'ए, हे धर' म्हणून बोलावलं होतं. आधी आठवून बघा, तुमच्या हातात तेव्हा काय होतं? ते त्याच्या हातात द्या. आणि काम असं द्या की चुकलं तर दिसेल. सोपं, न चुकणारं काम तेरा वर्षांच्या मुलाला लगेच ओळखू येतं, आणि मग मोबाइल बरा.

जमलं तर चवथीच्या चार दिवस आधी त्याला सत्तरीला न्या, झाडं ओळखणाऱ्या एखाद्या जाणत्याबरोबर रानात पाठवा. तुम्ही जाऊ नका. तुम्ही गेलात की वाटेवर भाषण सुरू होणार. आणि त्याला सांगा, पाच प्रकार आणले तरी पुरे, झाड ओरबाडायचं नाही. माटोळीच्या बाजारासाठी आजकाल पोतीच्या पोती रान उतरवलं जातं. सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत काही जण शेकडो प्रकार टांगतात. त्या निमित्ताने लोक वनस्पती पुन्हा नावाने ओळखायला लागले, हे चांगलंच. पण घरच्या माटोळीला परीक्षक येत नाहीत. तिथे चिबूड पडला तरी चालतो.

प्रश्न : मी बेतीची, लग्न होऊन डोंबिवलीला आले. जन्म जानेवारी १९८४ चा. मांडवीवरचा पूल कोसळला ते मला लख्ख आठवतं. बाबांनी मला खांद्यावर घेतलंय, आम्ही धक्क्यावर उभे आहोत, पाऊस आहे, समोर नदीत तुटलेला पूल. मग फेरीबोटीतून पणजीला जाणं. माझा मोठा भाऊ म्हणतो, 'तू तेव्हा घरात झोपली होतीस, हे सगळं मी तुला सांगितलंय.' वीस वर्षं हा वाद चालू आहे. गेल्या गणपतीत तर वहिनीने मध्ये पडून आम्हाला गप्प केलं. कोण खरं?
*एक वाचक, डोंबिवली*

उत्तर : तारखा मांडू. शाळेत आम्ही असंच करायचो. पूल पडला ५ जुलै १९८६ ला. तुम्ही तेव्हा अडीच वर्षांच्या. माणसाला मोठेपणी आठवणारी सर्वांत जुनी गोष्ट सहसा तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याच्या आधीचं क्वचितच उरतं. म्हणजे इथे पारडं भावाकडे झुकतं.

तुमच्या पत्रातच आणखी एक पुरावा आहे. 'बाबांनी मला खांद्यावर घेतलंय', असं तुम्ही लिहिता. चित्रात तुम्ही स्वतःला बघताय. खांद्यावर बसलेल्या पोरीला स्वतःचा चेहरा दिसत नाही, बाबांच्या डोक्यावरचे केस दिसतात. स्वतःला बाहेरून बघायची सवय खऱ्या आठवणीलाही पुढे लागते, त्यामुळे हा पुरावा पक्का नाही. पण ऐकलेल्या गोष्टीचं चित्र मनात तयार होतं तेव्हा ते बहुधा असंच दिसतं. भावाने सांगितलं, तुम्ही रंगवलं, आणि इतकी वर्षं जपलं. चोरी म्हणत नाही मी याला. भावंडांत कपडे फिरतात, तशा आठवणीही फिरतात.

आता दुसरी बाजू. नवा पूल झाला १९९२ साली. म्हणजे मधली सहा वर्षं नदी ओलांडायला फेरीचा मोठा आधार होता, आणि तुम्ही अडीचच्या आठ झालात. फेरीची आठवण तुमची स्वतःची असणारच. डोळे मिटून बघा, तिथे तुमचे डोळे किती उंचीवर आहेत? मला विचाराल तर त्या वयाच्या पोराला फेरीत नदी दिसतच नाही. मोठ्यांचे गुडघे, पिशव्यांमधून बाहेर आलेल्या माशांच्या शेपट्या, स्कूटरच्या तापलेल्या सायलेन्सरपासून वाचवायची पोटरी. इंजिनाची धडधड तळपायातून वर दातांपर्यंत यायची. पलीकडचा धक्का जवळ आला की साखळी खडखडत सुटायची, लोखंडी फळी सिमेंटवर आदळायची, आणि ती नीट टेकायच्या आधीच अर्धी फेरी उतरलेली असायची. मी त्या वर्षांत पेपर तपासायच्या कामासाठी पणजीला जायचे. एकदा त्या गर्दीत माझी एक चप्पल मांडवीला गेली, आणि उरलेली एक घालून मी दिवसभर चौथीचे पेपर तपासले. मुलांना त्या दिवशी जरा कमीच गुण मिळाले असतील.

भाऊ मोठा, त्याची शाळा पलीकडे असेल तर तो फेरीला कंटाळलेला असणार, म्हणून त्याला पूल आठवतो. तेव्हा तडजोड करा. पूल भावाला देऊन टाका. फेरी तुमची.

प्रश्न : जत्रेतलं खाजं आता पूर्वीसारखं लागत नाही. करणारे बिघडले की माझी जीभ? वय ७१.
*एक वाचक, म्हार्दोळ*

उत्तर : दोन्ही थोडं थोडं. या वयात जीभ मंदावते, आणि नाक तिच्याहून जास्त. खाज्यातलं आलं आणि गुळाचा करपट वास नाकानेच कळतो. दुसरं असं की तुम्ही ते खाजं खायचात कधी? रात्रभर देवळासमोर गोणपाटावर बसून नाटक बघितलेलं, तिसऱ्या अंकात झोप लागलेली, पहाटे दहीकाला संपल्यावर वडिलांनी उठवून कागदाच्या पुडीतली एक कांडी हातात दिलेली. आता तुम्ही ते दुपारी जेवून उठल्यावर खाता, आणि वर साखरेची गोळी घेता. गोव्याच्या खाज्याला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं. पहाटेच्या त्या भुकेला कुणी मानांकन दिलेलं नाही. पुढच्या जत्रेला नाटक संपेपर्यंत बसून बघा. डॉक्टरांना विचारू नका, आधीच 'नको' म्हणतील.

प्रश्न : बाई, मी कुर्डीचा. साळावली धरणासाठी गाव उठला तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आता वालकिणीला असतो. तुम्हाला ठाऊक असेल, दर मे महिन्यात पाणी उतरतं आणि गाव वर येतो. सोमेश्वराच्या उत्सवाला आम्ही सगळे जमतो, ख्रिस्ती शेजारी आपल्या कपेलाकडे फेस्त करतात. आमच्या घराचं जोतं अजून आहे. पायरीचे दोन दगड आहेत. जोत्यावर बसलो की मला न्हाणीकडची दगडी दोण आठवते. रोज शाळेतून आलं की विहिरीवरून ती भरायचं काम माझं. शिव्या देत भरायचो. आता त्याच कामाची आठवण येते, याचं हसू येतं. पण गेल्या वर्षी गेलो तर आमच्या जोत्यावर एक जोडपं उभं, लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. सोबत छत्र्या, दिवे, कपडे बदलायला तंबू. मी काही बोललो नाही, तसाच परतलो. या मे महिन्यात गेलोच नाही. मुलगा म्हणतो, 'बाबा, तुमचा नॉस्टॅल्जिया आता आजार झालाय.' जावं की सोडून द्यावं?
*एक वाचक, सांगे*

उत्तर : तुमच्या मुलाने नकळत अगदी बरोबर शब्द वापरला. तो शब्द आजार म्हणूनच जन्माला आला. योहान्नेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला प्रबंध लिहिला. घरापासून लांब राहून झुरणाऱ्या माणसांचं काय होतं, हा विषय. त्यासाठी त्याने दोन ग्रीक शब्द जोडले, घरी परतणं आणि वेदना. इलाजही सांगितला होता. रोग्याला घरी पाठवा. मुलाला सांगा, इलाज तुम्हाला माहीत आहे, फक्त घर वर्षातून काही आठवडेच उघडं असतं.

आता मी एक कबूल करते, ते तुम्हाला आवडणार नाही. मीही तुमच्या गावात गेले होते. आम्ही सात-आठ निवृत्त शिक्षक, भाड्याची गाडी करून, मोगूबाई कुर्डीकरांचं घर बघायला. १९०४ साली जन्मलेली एवढी मोठी गायिका ज्या घरातून आली, त्याच्या उरलेल्या भिंती बघायच्या, मनात इतकंच होतं. ऊन भयंकर. चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या, कुठेकुठे पाऊल आत जाईल इतक्या रुंद. झाडांचे काळे बुंधे. मी एका जोत्यावर चढले आणि तुळशीवृंदावनाच्या तुटक्या चौथऱ्याचा फोटो काढायला मोबाइल वर केला. मागून आवाज आला, "बाये, तूं आमचे रांदचे कुडींत उबी आसा." म्हणजे स्वयंपाकघरात.

वळून बघितलं तर डोक्यावर टॉवेल घेतलेली एक म्हातारी, हातात नारळ आणि अगरबत्ती. रागाचा सूर नव्हता. एखादी पाहुणी चुकून आतल्या खोलीत आली तर सांगतात, तसं. मी चपला काढल्या. पाय पोळले, पण पुन्हा घातल्या नाहीत. मग तिनेच मला चूल कुठे होती ते दाखवलं, रगडा कुठे, पावसाळ्यात लाकडं कुठे रचायची ते दाखवलं. सासूने तिला पहिल्या दिवशी कुठे उभं केलं होतं, तिथे जाऊन ती स्वतः उभी राहिली. मला तिथे वाळलेल्या मातीखेरीज काही दिसत नव्हतं, पण ती चालताना एका ठिकाणी पाय उचलून टाकत होती. तिथे उंबरठा होता.

माझी मुलगी मडगावला राहते. तिकडच्या नळाला साळावलीचं पाणी येतं. तिच्याकडे गेले की भांडी घासताना मी नळ मोठा सोडत नाही. मुलीला वाटतं, आईला काटकसरीची खोड आहे. मी खुलासा केलेला नाही.

तर जा. त्या जोडप्यावर चिडू नका. त्यांना तिथे घर दिसतच नाही, त्यांना भेगाळलेली जमीन आणि मागे पाणी दिसतं. त्यांना त्या म्हातारीसारखं शांतपणे सांगा, की तुम्ही आमच्या पडवीत उभे आहात. नवरीमुलगी शहाणी असेल तर विचारेल, पडवी कुठून कुठपर्यंत? मग सांगा. नाही विचारलं तर फोटो काढून जातील, जोतं तुमचंच राहील.

आणि पुढच्या मे महिन्यात एकटे जाऊ नका, मुलाला न्या. त्याला 'आमचं घर असं होतं' हे ऐकवू नका. आजार म्हणतो तो पोरगा, ऐकणार नाही. पर्वरीच्या गृहस्थांना सांगितलं तेच तुम्हाला. एक कळशी न्या बरोबर. विहीर होती ती जागा कुठली, तिथून न्हाणीपर्यंत पावलं किती, हे तुमच्या पायांना अजून ठाऊक असणार. पाणी धरणाच्या काठाचंच घ्या, हवं तेवढं आहे. भरलेली कळशी त्याच्या खांद्यावर द्या आणि चालायला लावा. शिव्या दिल्या तर देऊ द्या, तुम्हीही द्यायचात.

एक मात्र तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. जोतं आहे म्हणता, पायरीचे दगड आहेत म्हणता. ती दोण अजून तिथे आहे का, की गाव सोडताना कुणी उचलून नेली? न्हाणीच्या जागी गाळ साचला असेल तर मुलालाच खणायला लावा. दगडाला कुदळ लागली की आवाज वेगळा येतो. सापडली तर मला कळवा. नाही सापडली तरी कळवा.